राऊंडला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर पबमेडमधून कसं काढायचं: रेसिडेंट्ससाठी स्टेप बाय स्टेप

दरवर्षी नवीन बॅच येते आणि दरवर्षी तेच होतं. राऊंडला सर विचारतात "याला एव्हिडन्स काय?", मग रेसिडेंट मोबाईल काढतो, रोगाचं नाव टाइप करतो, चार हजार रिझल्ट येतात, पहिल्या पानावरचा एक अ‍ॅबस्ट्रॅक्ट (पेपरचा सारांश) उघडतो, शेवटची ओळ वाचतो आणि तीच वाचून दाखवतो. यात सर्च करण्याआधीचं काम झालेलं नसतं आणि सर्च केल्यानंतरचंही नसतं. पबमेड (मेडिकल पेपर शोधायचा फ्री डेटाबेस) वापरता न येणं हा छोटा प्रॉब्लेम आहे, दोन दिवसात सुटतो. खरी चूक क्रमाची आहे, म्हणून हा लेख क्रमाने लिहितेय, आणि वाचतानाही क्रमानेच वाचा.

सगळीकडे एकच उदाहरण घेते म्हणजे धागा सुटणार नाही. समजा सप्टेंबर महिना, विदर्भातलं मेडिकल कॉलेज, शेतात काम करणारी 45 वर्षांची बाई, 8 दिवस ताप, आता धाप लागतेय, प्लेटलेट्स कमी, एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) वाढलेलं, आणि स्तनाखालच्या घडीत एक काळी, न दुखणारी खपली. स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा तापाचा आजार. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांनी हा आजार भरपूर बघितलाय त्यामुळे तिकडच्या लोकांना हे नवीन नाही. (खपली म्हणजे एस्कार. ती काखेत, जांघेत, घड्यांमध्ये लपते आणि सावळ्या त्वचेवर पटकन दिसत नाही, तेव्हा पेशंटला नीट तपासल्याशिवाय "एस्कार नाही" असं लिहू नका.)

सुरू करण्याआधी: तयारी

ही तयारी ड्युटी नसताना एकदाच करायची. रात्री दोन वाजता पासवर्ड शोधत बसलात तर काही होणार नाही.

पबमेड फ्री आहे, लॉगिन लागत नाही, तरी माय एनसीबीआयचं (पबमेडचंच लॉगिन) अकाऊंट उघडून ठेवा, सर्च सेव्ह करायला लागतं. कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन लायब्रेरियनना प्रत्यक्ष भेटा आणि विचारा की आपल्याकडे काय काय सबस्क्राइब केलेलं आहे, घरून किंवा हॉस्टेलवरून लॉगिन होतं का. सरकारी संस्थांना 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून बऱ्याच मोठ्या पब्लिशर्सची जर्नल्स मिळतायत, आणि तरी कितीतरी रेसिडेंट्सना हे माहीतच नसतं, ते अ‍ॅबस्ट्रॅक्टवर काम भागवतात. अपटुडेट किंवा डायनामेड (आजारांवरच्या एव्हिडन्सचे तयार सारांश देणाऱ्या साइट्स) आहे का तेही विचारून घ्या.

मोबाईलमध्ये हे बुकमार्क करा: पबमेड, पबमेडचं क्लिनिकल क्वेरीज पान, कोक्रेन लायब्ररी, एपिस्टेमोनिकॉस (सिस्टिमॅटिक रिव्ह्यूज, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या स्टडीज गोळा करून चाळलेले लेख, शोधायला, फ्री आहे), आयसीएमआरचे स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लोज, सीटीआरआय म्हणजे आपली भारतातली क्लिनिकल ट्रायल्सची रजिस्ट्री, आणि स्तनपान करणाऱ्या आईला औषध द्यायचं असेल तेव्हासाठी लॅक्टमेड. आणि मायक्रोबायॉलॉजीकडून तुमच्या हॉस्पिटलचा ताजा अँटिबायोग्राम (कोणता जंतू कोणत्या अँटिबायोटिकला दाद देतो याचा तक्ता) मिळवा, कारण तुमच्या आयसीयूतला क्लेबसिएला कशाला रेझिस्टंट आहे हे जगातला कुठलाही डेटाबेस सांगणार नाही.

> सावधान: पेशंट सीरियस असेल तर आधी ट्रीटमेंट, मग सर्च. स्क्रब टायफसचा संशय आला की डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं, रिपोर्टची वाट बघायची नाही. पहिल्या काही दिवसांत आयजीएम (रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट) निगेटिव्ह येऊ शकतं. सर्च हा पुढच्या निर्णयासाठी आहे.

टप्पा 1: प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

"स्क्रब टायफस कशामुळे होतो, कोणत्या किड्यामुळे पसरतो, कोणते ऑर्गन्स जातात" हे बॅकग्राउंड प्रश्न. यांना टेक्स्टबुक उघडा, हॅरिसन उघडा, अपटुडेट उघडा, पण पबमेडला जाऊ नका, तिथे तुम्हाला उंदरांवरचे आणि जीनोमवरचे पेपर सापडतील आणि अर्धा तास जाईल.

"या बाईला नुसतं डॉक्सी द्यावं की सोबत अझिथ्रोमायसिन पण द्यावं" हा फोरग्राउंड प्रश्न. यात एक निर्णय अडकलेला आहे आणि उत्तराप्रमाणे ऑर्डर बदलणार आहे. डेटाबेस यासाठी आहे.

चेक असा करायचा: उत्तर "हो" आलं काय किंवा "नाही" आलं काय, केसपेपरवर काही बदलणार आहे का? बदलणार नसेल तर तो प्रश्न डायरीत लिहा, रविवारी बघा.

टप्पा 2: प्रश्न कागदावर लिहा (ही स्टेप सगळेच गाळतात)

पिको (पेशंट, इंटरव्हेन्शन, कंपॅरिझन म्हणजे तुलना, आउटकम) सगळ्यांनी एमबीबीएसला पाठ केलेलं असतं आणि वापरत कोणी नाही. चार ओळी आहेत, हाताने लिहा.

पेशंट: गंभीर स्क्रब टायफस, मोठी व्यक्ती, निदान एका ऑर्गनवर परिणाम.
इंटरव्हेन्शन: आयव्ही (शिरेतून) डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही.
तुलना: नुसतं डॉक्सी किंवा नुसतं अझिथ्रो.
आउटकम: मृत्यू, ऑर्गनचा त्रास कमी होणं, ताप उतरणं.

सगळ्यात जास्त चुका पहिल्या आणि शेवटच्या ओळीत होतात. पहिल्या ओळीत "गंभीर" हा शब्द राहून जातो, मग ओपीडीत गोळ्या घेऊन घरी गेलेल्या पेशंट्सवरचे ट्रायल्स सापडतात आणि ते व्हेंटिलेटरच्या उंबरठ्यावरच्या बाईला लावले जातात. शेवटच्या ओळीत आपण आउटकम आधी ठरवतच नाही, पेपरमध्ये जे चांगलं आलंय तेच महत्त्वाचं मानून घेतो. म्हणून पेपर बघायच्या आधी लिहा की या बाईच्या दृष्टीने, तिच्या घरच्यांच्या दृष्टीने काय महत्त्वाचं आहे. सीआरपी (इन्फ्लमेशन दाखवणारी रक्ताची टेस्ट) किती उतरला हे त्यांना महत्त्वाचं नाही.

आणखी एक. प्रश्न उपचाराचा आहे, निदानाचा आहे, प्रोग्नोसिसचा (आजार पुढे कसा जाईल याचा) आहे की औषधाच्या त्रासाचा, हे बाजूला लिहून ठेवा. उपचाराला रँडमाइज्ड ट्रायल म्हणजे आरसीटी (पेशंट चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटलेली) शोधायची, प्रोग्नोसिसला कोहोर्ट (पेशंट्सच्या गटाचं पुढे काय होतं ते बघत गेलेली स्टडी), निदानाला अशी स्टडी जिथे नवी टेस्ट आणि खात्रीची टेस्ट दोन्ही त्याच पेशंट्सवर केल्यात. प्रोग्नोसिसच्या प्रश्नाला आरसीटी शोधत बसणारे खूप बघितलेत, आणि मग म्हणतात "एव्हिडन्सच नाहीये".

टप्पा 3: वरून खाली या

क्रम असा: आधी गाइडलाइन किंवा अपटुडेटसारखा सारांश, मग सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, मग एकेक ट्रायल. कुणीतरी आधीच सगळे पेपर गोळा करून चाळले असतील तर ते काम तुम्ही रात्री दोन वाजता परत का करायचं?

पण वरच्या पायरीवर थांबूही नका. आपल्या उदाहरणातच बघा. कोक्रेनचा स्क्रब टायफसच्या अँटिबायोटिक्सवरचा रिव्ह्यू 2018 चा आहे, त्यात 7 ट्रायल्स आणि 548 पेशंट्स, आणि ते कोरिया, थायलंड, मलेशियातले. डॉक्सी चालतं, अझिथ्रो चालतं, एवढं त्यातून कळतं. गंभीर पेशंटला दोन्ही एकत्र द्यावं का, हे कळत नाही. ते उत्तर 2023 मध्ये आलं आणि ते आपल्याच देशातून आलं. 2018 वर थांबलात तर ते तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

> चेक: रिव्ह्यू उघडला की "पब्लिश कधी झाला" याच्या पुढे जाऊन "सर्च कोणत्या तारखेपर्यंत केलाय" ते बघा. ती तारीख मेथड्समध्ये असते आणि बरेचदा पब्लिशच्या वर्षभर आधीची असते. त्या तारखेनंतरचं तुम्हाला स्वतः शोधायचंय.

टप्पा 4: पबमेडमध्ये सर्च

(मी इथे देवनागरीत लिहितेय, बॉक्समध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाकायचं.)

4.1 पूर्ण वाक्य टाकू नका. पिकोमधल्या फक्त दोन गोष्टी घ्या, शक्यतो पेशंट आणि इंटरव्हेन्शन. म्हणजे: स्क्रब टायफस अँड डॉक्सिसायक्लिन अँड अझिथ्रोमायसिन. आउटकम सुरुवातीला टाकू नका, कारण अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये लेखकाने मृत्यूसाठी कोणता शब्द वापरलाय हे तुम्हाला माहीत नसतं आणि चांगला पेपर हातचा जातो.

4.2 अँड, ऑर, नॉट हे कॅपिटल अक्षरांत. एकाच गोष्टीचे दोन शब्द असतील तर ते ऑरने जोडून कंसात टाका, कंस नसेल तर पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं आणि भलताच अर्थ लावतं. नॉट शक्यतो वापरूच नका. "नॉट चिल्ड्रन" लिहिलंत तर मोठे आणि लहान दोघांवर केलेली स्टडीही उडते.

4.3 पबमेड तुमचा शब्द आपोआप मेशच्या शब्दाशी जोडतं. मेश म्हणजे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ठरवलेली विषयांची नावं. तुम्ही हार्ट अटॅक टाकलं की ते मायोकार्डियल इन्फार्क्शनही शोधतं. हे चांगलंच आहे, पण शब्दाला अवतरण चिन्हं लावलीत किंवा शेवटी स्टार (*) लावलात की हे जोडणं बंद होतं आणि स्क्रीनवर तसं कुठे सांगत नाही! बरेच जण गूगलच्या सवयीने सगळं अवतरणात टाकतात आणि रिझल्ट दहावर येतात.

> चेक: सर्च केल्यावर अ‍ॅडव्हान्स्ड पानावर जा, हिस्टरीत त्या सर्चचे डीटेल्स उघडा. पबमेडने तुमचं वाक्य कसं वाचलं ते तिथे पूर्ण दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि अर्ध्याहून जास्त चुका इथेच सापडतात.

4.4 आता क्लिनिकल क्वेरीज. तोच सर्च तिथे टाका, कॅटेगरी थेरपी निवडा, आधी नॅरो. रिझल्ट फार कमी आले तर ब्रॉड करा. आरसीटीचे फिल्टर हाताने लावण्यापेक्षा हे सोपं आहे.

4.5 डाव्या बाजूचे फिल्टर लावताना जपून. आर्टिकल टाइपचे काही फिल्टर मेशचं इंडेक्सिंग झालेल्या पेपरवरच नीट चालतात, अगदी ताजे पेपर त्यातून गळतात. म्हणून शेवटच्या काही महिन्यांसाठी फिल्टर काढून, सॉर्ट बेस्ट मॅचवरून मोस्ट रीसेंटवर बदलून एकदा नजर फिरवा. आणि एकदा लावलेला फिल्टर पुढच्या सर्चलाही तसाच चिकटून राहतो, क्लिअर करायला विसरू नका. "काल दोनशे होते आज नऊच कसे" याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. फ्री फुल टेक्स्टचा फिल्टर तर लावूच नका, जे फुकट मिळतं तेवढंच खरं असं काही नसतं.

4.6 एक चांगला पेपर सापडला की त्याच्या खाली सिमिलर आर्टिकल्स आणि साइटेड बाय बघा. त्यावर आलेली पत्रं, करेक्शन, नंतरच्या स्टडीज तिथे मिळतात.

गूगल स्कॉलर वाईट नाही, फुल टेक्स्टची पीडीएफ शोधायला चांगलं आहे, पण पहिला आणि शेवटचा सर्च तिथे करू नका. एआय चॅटबॉटचं म्हणाल तर प्रश्न मांडायला, सिनॉनिम सुचवायला वापरा, पण त्याने दिलेला प्रत्येक रेफरन्स पीएमआयडी (पबमेडमधला त्या पेपरचा नंबर) टाकून पबमेडमध्ये उघडून बघा. अस्तित्वातच नसलेले पेपर तो पूर्ण आत्मविश्वासाने देतो आणि ते थीसिसमध्येही पोचतात.

टप्पा 5: पेपर वाचा, अ‍ॅबस्ट्रॅक्टची शेवटची ओळ नाही

आपल्या सर्चमधून 2023 ची न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधली ट्रायल सापडते. भारतातल्या अनेक हॉस्पिटल्समध्ये झालेली, गंभीर स्क्रब टायफसचे 15 वर्षं आणि त्यावरचे पेशंट, तीन गट: आयव्ही डॉक्सी, आयव्ही अझिथ्रो, दोन्ही. विश्लेषणात 794 पेशंट्स.

वाचायचा क्रम: आधी मेथड्स, मग टेबल 1 (गटांतले पेशंट सुरुवातीला कसे होते ते), मग मुख्य रिझल्टचं टेबल. डिस्कशन सगळ्यात शेवटी, कारण ते लेखकांचं मत आहे.

मेथड्समध्ये चारच गोष्टी शोधा. रँडमाइज कसं केलं आणि पुढचा पेशंट कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरला आधी कळत होतं का. ब्लाइंडिंग होतं का, म्हणजे कोणाला कोणतं औषध चालू आहे हे लपवलं होतं का. किती पेशंट मध्येच हरवले. आणि ज्या गटात टाकलं त्याच गटात मोजलं का.

आता आकडे. मुख्य आउटकम (मृत्यू, सातव्या दिवशी टिकून असलेली कॉम्प्लिकेशन्स किंवा पाचव्या दिवशीही असलेला ताप, यातलं काहीही) दोन्ही औषधांच्या गटात 33 टक्के, नुसत्या डॉक्सीत 47 टक्के, नुसत्या अझिथ्रोत 48 टक्के. डॉक्सीच्या तुलनेत फरक 13.3 टक्के पॉइंट, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावा ते) 5.1 ते 21.6. आता 100 ला 13.3 ने भागा, साडेसात येतं, म्हणजे साधारण 8 पेशंटना दोन्ही औषधं दिली तर एका जादाच्या पेशंटचा फायदा. इंटरव्हलच्या दोन टोकांनीही भागून बघा, 5 ते 20 येतं. राऊंडला "पी व्हॅल्यू सिग्निफिकंट आहे सर" म्हणण्यापेक्षा हे सांगा, सर खुर्चीत पुढे सरकून ऐकतील.

पण इथेच थांबायचं नाही. हा कंपोझिट आउटकम आहे, तीन गोष्टींचं गाठोडं आहे, ते सोडून आत बघायलाच लागतं. टप्पा 2 मध्ये तुम्ही पहिला आउटकम मृत्यू लिहिला होता. 28 दिवसांतले मृत्यू तिन्ही गटांत सारखेच होते. म्हणजे फायदा आहे तो कॉम्प्लिकेशन आणि ताप लवकर आटोक्यात येण्याचा. तो खरा फायदा आहे, आयसीयूतला बेड लवकर मोकळा होणं ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही, पण नातेवाइकांना "याने जीव वाचतो असं सिद्ध झालंय" असं सांगितलंत तर ते चूक आहे. साइड इफेक्ट्स तिन्ही गटांत सारखे होते, हेही लिहून घ्या.

> सावधान: पेपरवर रिट्रॅक्शनचा शिक्का आहे का ते पबमेडच्या पानावर वरच दिसतं, डाउनलोड केलेल्या जुन्या पीडीएफवर दिसत नाही. 2020 मध्ये लॅन्सेटमधला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा पेपर 22 मे ला आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला, पण ज्यांनी मधल्या काळात पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली त्यांच्या फोनमध्ये तो अजून तसाच असेल.

टप्पा 6: हे माझ्या पेशंटला लागू होतं का

इन्क्लुजन-एक्सक्लुजनची (ट्रायलमध्ये कोणाला घेतलं, कोणाला वगळलं याची) यादी केसपेपरशेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. आपली बाई 45 वर्षांची, फुप्फुस आणि लिव्हरवर परिणाम, ती या ट्रायलमध्ये बसते. शेजारच्या वॉर्डातला 9 वर्षांचा मुलगा बसत नाही. गरोदर बाई असेल तर तो प्रश्नच वेगळा, टप्पा 1 पासून परत.

दुसऱ्या आजारातलं उत्तर उचलून लावणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडचंच (ब्लीडिंग थांबवायचं औषध) बघा. अपघाताच्या पेशंटमध्ये 2010 च्या क्रॅश-2 ट्रायलमध्ये 20,000 हून जास्त पेशंट होते आणि मृत्यू 16.0 वरून 14.5 टक्क्यांवर आले. मग पोटातल्या ब्लीडिंगलाही ते द्यायला लागले, लहान लहान ट्रायल्स एकत्र केलेल्या रिव्ह्यूतही मृत्यू कमी दिसत होते. 2020 मध्ये हॉल्ट-आयटी आली, 12,009 पेशंट, आणि ब्लीडिंगने होणारे मृत्यू दोन्ही गटांत 4 टक्के, वर शिरांमधल्या गुठळ्या औषधाच्या गटात 0.8 टक्के आणि प्लासिबोत (नकली औषधाच्या गटात) 0.4. आजही रक्ताची उलटी झालेल्या पेशंटला कॅज्युअल्टीत सवयीने ट्रानेक्झा लागतं, तेव्हा ऑर्डर लिहिणाऱ्याला विचारा की कुठल्या ब्लीडिंगच्या एव्हिडन्सवर.

मग प्रॅक्टिकल गोष्टी. आयव्ही डॉक्सी आपल्या स्टोअरमध्ये आहे का, नसेल तर बाहेरून आणायला नातेवाइकांना किती पडेल, अझिथ्रोसाठी ईसीजीत क्यूटी (हा वाढला की हृदयाची लय बिघडू शकते) बघितलाय का, पेशंट आधीच क्यूटी वाढवणारं काही घेतोय का. फार्मसिस्टला फोन करा, हा टप्पा फोनवर दोन मिनिटांत होतो.

आणि पेशंटला विचारा, खरंच विचारा. दुसरं औषध कशासाठी वाढवतोय, त्याने काय होईल आणि काय होणार नाही, हे मराठीत दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

टप्पा 7: सरांना सांगणं आणि केसपेपरवर लिहिणं

सिनियरशी बोलताना पेपर तोंडावर फेकल्यासारखं करू नका. "सर, ही गंभीर स्क्रब टायफसवरची भारतातलीच ट्रायल आहे, आपल्या पेशंटसारखेच पेशंट आहेत, दोन्ही औषधांनी कॉम्प्लिकेशन लवकर आटोक्यात आली, मृत्यूत फरक नव्हता, क्यूटी नॉर्मल आहे, सुरू करू का?" एवढं पुरतं, वीस सेकंदांत होतं. सर नाही म्हणाले तर का ते विचारा, त्यांना त्या पेशंटबद्दल तुम्हाला न दिसलेलं काहीतरी दिसत असू शकतं, आणि ते अनुभवाचं ज्ञानही याच पद्धतीचा भाग आहे.

केसपेपरवर निर्णय, कारण एका ओळीत, आणि कधी परत बघणार ते लिहा. "48 तासांनी ताप, ऑक्सिजन, क्रिएटिनिन बघून पुढचं ठरवणे." सुधारणा नसेल तर निदानावरच परत या, लेप्टो, डेंग्यू, मलेरिया राहून गेलंय का बघा, आणखी पेपर शोधत बसू नका.

टप्पा 8: सर्च फेकून देऊ नका

माय एनसीबीआयमध्ये सर्च सेव्ह करा आणि महिन्याला ईमेल अलर्ट लावा, नवीन ट्रायल आली की आपोआप कळेल. युनिटच्या शेअर्ड शीटमध्ये प्रश्न, तारीख, पीएमआयडी, उत्तर दोन ओळींत, आणि कोणी शोधलं एवढं टाका. पेशंटचं नाव, आयपीडी नंबर, फोटो त्यात टाकायचे नाहीत. पुढच्या पावसाळ्यात नवीन जेआर (ज्युनियर रेसिडेंट) येईल तेव्हा त्याला टप्पा 1 पासून सुरू करायला लागणार नाही, पण शीटमधली तारीख बघून त्यानंतरचं मात्र त्याने शोधायचंच.